ग्रॅनाइटच्या घुमटावरील घर्षणारोहण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅनाइटच्या भल्यामोठ्या घुमटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की कातळ कोरा दिसतो. भेग नाही, कंगोरा नाही, बोट अडकेल अशी खोबण नाही. आणि तरीही त्याच कोऱ्या कातळावरून माणसे शे-दोनशे मीटर वर चढून जातात. घुमटावर पहिल्यांदाच येणारे, मग ते अगदी नवखे असोत की इतर कड्यांवर अनेक वर्षे चढलेले असोत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दोर, हार्नेस (कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि बिले (चढणाऱ्याचा दोर दुसऱ्याने धरून त्याला सांभाळणे) यांची प्राथमिक माहिती वाचकाला आहे असे धरले आहे. ती नसेल, तर आधी जाणत्या प्रशिक्षकाकडून ती हातांनी शिकून घ्यावी. वाचून ती येत नाही.

घर्षणारोहण म्हणजे नेमके काय?

पकडीसाठी काहीही नसलेल्या तिरक्या कातळावर केवळ बुटाचा तळवा आणि कातळ यांच्यातील घर्षणाच्या आधारे चढणे, म्हणजे घर्षणारोहण. अशा तिरक्या, सलग कातळाला आरोहक ‘स्लॅब’ म्हणतात, आणि पाय कशावर न टेकवता सपाट कातळावर दाबून उभे राहण्याला ‘स्मिअरिंग’. उभ्या कड्यावर हात शरीराला वर ओढतात आणि पाय त्यांना मदत करतात. घुमटावर हा हिशेब उलटा होतो. त्यामुळेच दंडांच्या जोरावर अवघड कडे चढणारी माणसे इथे अडकतात. लटकत्या कातळावर सहज खेळणारा एक आरोहक घुमटावर जमिनीपासून जेमतेम पंधरा मीटरवर थांबून, दोन्ही हातांनी डोक्यावरचा कातळ चाचपडत, नसलेली पकड शोधत राहिलेला मी पाहिला आहे. त्याच्या पायांखाली मात्र उभे राहण्यासाठी सगळे काही होते.

असे घुमट तयार कसे होतात, आणि ते आरोहकाला कळून काय उपयोग?

ग्रॅनाइट हा जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थंड झालेल्या शिलारसाचा खडक आहे. सावकाश थंड झाल्यामुळे त्यात क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे डोळ्यांना दिसतील एवढे स्फटिक वाढतात. वरचा भार झिजून गेला की हा खडक ताणमुक्त होतो आणि पृष्ठभागाला समांतर अशा भेगा पडून त्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जातात. कोपरे आधी जातात, म्हणून उरतो तो गोलाकार घुमट. अमेरिकेतील भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी सिएरा नेवाडातील घुमटांविषयी १९०४ मध्ये लिहिताना याच रचनेचा अभ्यास मांडला होता.

आरोहकाच्या दृष्टीने यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे पापुद्रा सुटलेला कातळ सलग असतो, त्यामुळे दोर अडकवायची पाचर किंवा कॅम (भेगेत फाकून घट्ट बसणारे साधन) बसवण्यासाठी भेगा क्वचितच मिळतात. दुसरी म्हणजे पृष्ठभाग खरखरीत असतो, कारण मऊ खनिजे आधी झिजतात आणि कठीण स्फटिक वर उरतात. ज्या घुमटांवरून हिमनद्या सरकून गेल्या, तेथे मात्र काही पट्टे काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात आणि उन्हात चकाकतात. कॅलिफोर्नियातील टुओलम्नीच्या घुमटांवर असे चकाकते पट्टे आणि काही सेंटिमीटर लांबीचे फेल्डस्पारचे स्फटिक, दोन्ही एकाच कातळावर दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे पापुद्रे सुटण्याची क्रिया संपलेली नाही. कॅलिफोर्नियातच ट्वेन हार्ट येथील घुमट २०१४ च्या ऑगस्टमध्ये भर उन्हाळ्यात मोठा आवाज करत तडकला आणि ते दृश्य चित्रितही झाले. म्हणून अर्धवट सुटलेल्या पापुद्र्यावर भार देण्याआधी तो बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला, तर त्याच्यामागे कॅम बसवू नये. कॅमवर झटका आला की तो बाहेरच्या दिशेने रेटतो आणि पापुद्राच उचकटू शकतो.

इतक्या उतारावर बूट घसरत कसा नाही?

उतारावर सरळ उभे राहिलेल्या माणसाचे वजन दोन भागांत विभागते : एक भाग पायाला कातळावर दाबतो, दुसरा त्याला उतारावरून खाली ओढतो. या दोहोंचे गुणोत्तर उताराच्या कोनावर ठरते. ३५ अंशांच्या उतारावर न घसरण्यासाठी सुमारे ०.७ इतका घर्षण-गुणांक पुरतो, ४५ अंशांवर तो १ लागतो आणि ५५ अंशांवर सुमारे १.४. शाळेत लाकडी ठोकळ्यांवर शिकलेल्या घर्षणाच्या मानाने हे आकडे मोठे वाटतात, परंतु रबर लाकडासारखे वागत नाही. ते दाबाखाली स्फटिकांच्या खाचाखळग्यांत शिरते, त्यांना चिकटते आणि आकार बदलताना विरोधही करते. म्हणूनच रबराचा जितका अधिक भाग कातळाला लागेल तितके बरे.

आता यातील कळीचा मुद्दा. हे सगळे गणित वजन सरळ खाली जात आहे असे धरून केले आहे. भीती वाटली की माणूस नकळत कातळाला बिलगतो. तसे केल्याने शरीर उताराला समांतर होते, पायांतून जाणारा जोर कातळावर दाबण्याऐवजी उताराच्या दिशेने ढकलू लागतो आणि जो पाय क्षणापूर्वी पक्का होता तो सुटतो. घुमटावर घाबरलेला माणूस घसरतो तो बहुतेक वेळा या कारणाने. कातळ तेवढा अवघड असतो म्हणून नव्हे. या प्रकाराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

पाय कुठे आणि कसा ठेवायचा?

आधी पाहावे, मग ठेवावा, आणि ठेवल्यावर हलवू नये. दुरून कोरा दिसणारा कातळ गुडघ्याच्या उंचीवरून पाहिला की त्यात पुष्कळ काही दिसू लागते : बशीएवढा उथळ खळगा, आजूबाजूपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तिरका असलेला तळहाताएवढा भाग, नखाएवढा उभा राहिलेला फेल्डस्पारचा स्फटिक, पाणी वाहून पडलेली लाट. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके असताना या लाटांच्या सावल्या पडतात आणि वाट जणू आखून दिल्यासारखी दिसते. भर दुपारी तोच कातळ पुन्हा कोरा होतो. रंगही पाहावा. फिकट आणि खरखरीत भाग सहसा चांगला. काळा पट्टा म्हणजे पाण्याची वाट आणि बऱ्याचदा शेवाळ किंवा दगडफूल.

पाय ठेवताना बुटाचा पुढचा भाग उताराच्या दिशेने सरळ वर रोखावा आणि टाच खाली सोडावी. टाच उचलली की रबराचा जेमतेम पुढचा काठ कातळाला लागतो आणि पोटरीही लवकर दमते. नितंब कातळापासून दूर, पायांच्या बरोबर वर असावेत. पावले लहान टाकावीत. गुडघ्यापर्यंत पाय उचलून टाकलेल्या मोठ्या पावलात वजन दुसऱ्या पायावर नेण्यासाठी उसळी घ्यावी लागते आणि त्या उसळीतच मागचा पाय सुटतो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर ओतल्यासारखे सावकाश न्यावे. नवा पाय पूर्ण भार घेईपर्यंत थोडासा, अगदी केसभर, सरकल्यासारखा वाटतो. रबर बसताना होणारी ही हालचाल बहुतेक वेळा घसरण नसते. त्या क्षणी पाय घाईने उचलला, तर मात्र दुसऱ्या पायावर अचानक दुप्पट भार येतो.

मग हातांचे काम काय?

तोल सांभाळणे. तळहात कंबरेच्या किंवा छातीच्या उंचीवर कातळाला टेकवून, बोटे बाजूला किंवा खाली वळवून, हलकेच खाली दाबावे. हात डोक्याच्या वर ताणले की टाचा उचलल्या जातात आणि शरीर कातळाकडे झुकते. एखादा स्फटिक चिमटीत सापडला तर जरूर घ्यावा, पण त्यासाठी पायांची जागा बिघडवू नये. सरावासाठी, दोर वरून बांधलेला असताना, सोप्या उतारावर हात पाठीमागे बांधून चढून पाहावे. अर्ध्या तासात पायांविषयी जे समजते ते एरवी समजायला कित्येक दिवस जातात.

मध्येच पाय थरथरू लागला तर काय करावे?

शिवणयंत्राच्या सुईसारखा पाय वरखाली होऊ लागणे हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. पोटरीचा स्नायू बराच वेळ आखडून राहिल्यामुळे ते होते आणि भीतीने वाढते. टाच जाणीवपूर्वक खाली दाबावी, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, आणि जवळ जरा बरी जागा असेल तर पाय आलटून पालटून सैल करावेत. बरी जागा नसेल तर थांबून राहण्यात फायदा नाही : तिरक्या कातळावर माणूस उभ्या उभ्या दमतो. वर जायचे की परत एक पाऊल खाली यायचे, हे ठरवून हालचाल करावी.

बूट कसे असावेत?

आरोहणाचेच असावेत, पण लटकत्या कातळासाठी बनवलेले, बोटे मुडपून ठेवणारे आणि खाली वळलेले नकोत. सपाट तळव्याचे, किंचित मऊ, ज्यात बोटे सरळ राहतील असे साधे बूट घुमटावर सर्वांत चांगले चालतात. रबर जुने होऊन कडक आणि चकचकीत झाले असेल, तर बारीक सँडपेपरने हलके घासून घ्यावे; तेवढ्याने भागले नाही तर तळवा बदलून घ्यावा.

याहून महत्त्वाची आहे ती स्वच्छता. पायथ्याच्या वाळूतून चार पावले चालून तसाच बूट कातळावर ठेवला, तर तळव्याला चिकटलेले दोन-चार कण छऱ्यांसारखे काम करतात आणि रबराला कातळ लागूच देत नाहीत. माझी पहिली घसरण जमिनीपासून दोन मीटरवरची, आणि ती या कणांमुळेच. तेव्हापासून पायथ्याशी कापडाचा तुकडा अंथरून त्यावरच बूट घालण्याची, तळवे ओल्या फडक्याने पुसून ते एकमेकांवर चोळण्याची सवय लागली. रबर स्वच्छ आणि कोरडे झाले की चोळताना कुरकुरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मी पहिले पाऊल उचलत नाही.

असे बूट नव्हते तेव्हा लोक कसे चढत?

चिकट रबराचे बूट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. स्पेनमधील बोरिअल कंपनीचा ‘फिरे’ हा बूट त्यातला सर्वांत गाजलेला, आणि त्याच्या आगमनाने घुमटांवरील अनेक मार्ग पूर्वीपेक्षा सोपे वाटू लागले. त्याआधीचे मार्ग पाहिले की मनात आदर दाटून येतो. कॅलिफोर्नियातील हाफ डोम या घुमटावर १८७५ मध्ये जॉर्ज अँडरसन हा पहिल्यांदा पोहोचला. त्याने आधी अनवाणी प्रयत्न केला, मग पायांना गोणपाट गुंडाळून, आणि मग त्या गोणपाटाला पाइनच्या झाडाचा चीक फासून. चिकाने पाय इतके घट्ट चिकटू लागले की ते सोडवतानाच तोल जायची वेळ आली. शेवटी त्याने कातळाला भोके पाडून त्यांत खिळे बसवले, एका खिळ्यावर उभे राहून पुढचे भोक पाडले आणि असे करत तो माथ्यावर गेला. त्याच बाजूने १९१९ मध्ये लोखंडी तारा बसवण्यात आल्या आणि आजही लोक त्यांना धरून वर जातात.

घुमटावरचे बोल्ट एकमेकांपासून इतके दूर का असतात?

बोल्ट म्हणजे कातळाला भोक पाडून कायमचा बसवलेला, दोर अडकवण्याचा खिळा. ते दूर असतात, कारण ते बहुतेक ठिकाणी खालून वर चढणाऱ्याने, चढता चढता बसवलेले आहेत. हातोडा आणि हातछिन्नीने ग्रॅनाइटला भोक पाडायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ दोन्ही हात मोकळे ठेवून उभे राहता येईल अशी जागा लागते. अशी जागा जिथे मिळाली तिथे बोल्ट बसला. जिथे कातळ तिरका होता तिथे पहिला आरोहक पुढे चढत राहिला. म्हणून घुमटावर एक चमत्कारिक गोष्ट आढळते : बोल्ट सोप्या जागी असतो आणि अवघड जागा त्याच्या बऱ्याच वर असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील स्टोन माउंटन हा सुमारे १८० मीटर उंचीचा घुमट अशा लांब अंतरांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. हाफ डोमवरील ‘स्नेक डाइक’ हा १९६५ मध्ये प्रथम चढला गेलेला मार्ग कठीण नाही, परंतु त्यावरही दोन बोल्टांमधील अंतर पाहून पोटात गोळा येतो; आणि तेथे तर पहिल्या आरोहकांच्या संमतीने नंतर बोल्ट वाढवण्यात आले आहेत.

हे अंतर कमी करावे की पहिल्या आरोहकाची शैली जपावी, हा वाद जुना आहे. माझे मत असे की आहे त्या मार्गावर परस्पर बोल्ट ठोकण्याचा अधिकार कोणालाही नाही, पण गंजलेला बोल्ट त्याच जागी बदलून चांगला बसवणे हे पुण्याचे काम आहे. जुने ६ मिलिमीटरचे बोल्ट आजही अनेक घुमटांवर आहेत. गंज ओघळलेला, हलणारा किंवा दोर अडकवायची पट्टी वाकलेला बोल्ट दिसला तर त्याच्यावर विसंबून पुढचे पाऊल ठरवू नये.

आघाडीवर असताना पडलो तर काय होते?

आघाडीवर म्हणजे दोर सोबत नेत, वाटेतल्या बोल्टांना तो अडकवत सर्वांच्या पुढे चढताना. शेवटच्या बोल्टच्या पाच मीटर वर असताना पाय सुटला, तर किमान दहा मीटर खाली जाणे आले. दोराचा ढिलेपणा आणि ताण धरला तर त्याहून जास्त. उभ्या कड्यावर हे पडणे हवेतून होते, घुमटावर ते कातळावरून घसरत होते. तळहातांची आणि गुडघ्यांची कातडी सोलवटून निघते. आणि मध्ये एखादा कंगोरा लागला, तर घोटा मोडतो. घसरू लागल्यावर कातळाला मिठी मारू नये. पाय किंचित फाकलेले आणि गुडघे सैल ठेवून, तोंड कातळाकडे ठेवून, पायांवर राहण्याचा प्रयत्न करावा. आडवे झाले की गडगडत जाण्याचा धोका असतो. दोर पायाच्या मागून जाणार नाही याकडे चढतानाच लक्ष ठेवावे, नाहीतर माणूस उलटा होतो. हेल्मेट प्रत्येक वेळी घालावे. बिले देणाऱ्याने, जागा सुरक्षित असेल तर, मागे जाऊन किंवा झपाट्याने दोर खेचून घसरण काही मीटरने कमी करता येते. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

यावरून निघणारा नियम असा : जेथून उतरून परत येता येणार नाही असे पाऊल, पुढचा बोल्ट डोळ्यांना दिसल्याशिवाय उचलू नये. माघार घेणे ही या प्रकारातील एक हालचालच आहे आणि तिचाही सराव करावा लागतो.

कोणत्या हवेत चढावे?

थंड, कोरड्या आणि शक्यतो वारा असलेल्या हवेत. तापलेल्या कातळावर रबर मऊ होऊन ओशट लागते आणि तळहातांना घाम फुटतो. ओल्या कातळावर मात्र काहीच चालत नाही. पावसाचे दोन शिंतोडे पडले तरी जो उतार मिनिटापूर्वी जिन्यासारखा वाटत होता तो साबण लावल्यासारखा होतो. आणि पावसानंतर कातळ वाळला तरी वरच्या खळग्यांतून पाझरणारे पट्टे बराच काळ ओले राहतात.

विजेबाबत जराही धोका पत्करू नये. घुमट हा आजूबाजूच्या भूभागातला सर्वांत उंच आणि उघडा भाग असतो. हाफ डोमच्या माथ्यावर १९८५ च्या जुलैमध्ये वीज पडून दोघांचा मृत्यू झाला. दुपारी ढग जमण्याच्या मोसमात माथ्यावरून सकाळीच निघालेले असावे.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड, असे का म्हणतात?

घुमट बहिर्वक्र असतो. माथ्याजवळ तो जवळजवळ सपाट असतो आणि खाली जाऊ तसतसा तिरका होत जातो. वरून पाहणाऱ्याला फक्त पुढचे वीस-तीस मीटर दिसतात आणि तेवढे तर चालत उतरता येण्यासारखे वाटतात. चालणारा माणूस पावलागणिक थोड्या अधिक तिरक्या भागात शिरत जातो; ज्या जागी त्याला ते जाणवते, तिथून वळून वर येणेही जमत नाही. म्हणून उतरण्याची वाट चढण्याआधीच खालून पाहून, खुणा लक्षात ठेवून निश्चित करावी.

रॅपलिंग (दोरावरून उतरणे) करायचे असल्यास दोन्ही टोकांना गाठी मारल्याशिवाय दोर सोडू नये. तिरक्या कातळावर फेकलेला दोर खालपर्यंत जात नाही, मध्येच वेटोळी करून पडतो आणि टोक कुठे आहे ते दिसत नाही. ६० मीटरचा एकच दोर दुहेरी केला तर ३० मीटरच उतरता येते, हे माहीत असूनही थकलेला माणूस विसरतो.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

कमी उताराच्या, वरून दोर बांधता येईल अशा कातळावर. पहिले काही दिवस एकाच पट्ट्यावर वर आणि खाली, दोन्ही दिशांनी चढावे. त्यानंतर जाणत्या आरोहकाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर लांब मार्ग करावेत. आघाडी घेण्याची वेळ आली की मार्गाची श्रेणी, म्हणजे त्याच्या अवघडपणाची पातळी, पाहून निर्णय न घेता बोल्टमधील अंतर पाहून घ्यावा. घुमटावर सोपी श्रेणी आणि सुरक्षित मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकातील १,२२६ मीटर उंचीच्या सावनदुर्गासारख्या घुमटावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे आग्यामोहोळ. पोळी दिसली, तर त्या बाजूचा मार्ग सोडून द्यावा. दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

माथ्यावरच्या पाण्याच्या खळग्यांतून चालले तर काही बिघडते का?

बिघडते. हे खळगे कातळ हळूहळू झिजून तयार झालेले असतात आणि त्यांत साचलेल्या मूठभर मातीवर एक संपूर्ण छोटे जग उभे असते. टेक्सासमधील एन्चँटेड रॉक या गुलाबी ग्रॅनाइटच्या घुमटावरील खळग्यांत पावसानंतर पारदर्शक, नखाएवढे कोळंबीसारखे जीव पोहताना दिसतात. पाणी आटले की ते मरतात, पण त्यांची अंडी तळच्या धुळीत पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. म्हणून खळगा कोरडा दिसला तरी त्याला वळसा घालून जावे, आणि बूट पुसण्यासाठी त्यातली माती वापरू नये.